तीन नोटांचं तिकीट

सेलोटेप शोधून काढणाऱ्या माणसावर माझा राग आहे आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तो निवलेला नाही. फाटलेला कागद शंभर वर्षं तसाच पडून राहिला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. पण घरातल्या एखाद्या हौशी माणसाने त्याला टेप लावली, की काही वर्षांनी तो आमच्यापुढे येतो तेव्हा पिवळा पडलेला असतो, चिकट झालेला असतो आणि टेप काढायला गेलं की शाईसकट निघून येतो. अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठातल्या एका ग्रंथालयाच्या तळघरात मी तेवीस वर्षं असे कागद सुधारले. ‘कागद दुरुस्त करते’ असं मी सांगितलं की आपली माणसं सहानुभूतीने माझ्याकडे बघतात. त्यांच्या पोरांच्या नोकऱ्यांची नावं एकदम भारदस्त असतात.

ही नोकरी मला कुरडयांमुळे मिळाली. नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, संशोधनामागून मी इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. मिशिगनच्या थंडीत चार भिंतींत बसून वेड लागायची वेळ आली, म्हणून ग्रंथालयात फुकट मदतीला जाऊ लागले. विभागाची प्रमुख डॉना एके दिवशी खळ शिजवत होती. जुना कागद जोडायला आम्ही बाजारचा डिंक वापरत नाही. गव्हाचं सत्त्व पाण्यात कालवून मंद आचेवर घोटायचं आणि त्याने तुतीच्या सालीचा पातळ जपानी कागद फाटलेल्या जागी लावायचा. म्हणजे हा आपला गव्हाचा चीकच. डॉनाच्या भांड्यात गुठळ्याच गुठळ्या. मला राहवेना. नागपुरात दर उन्हाळ्यात पाच-पाच किलोचा चीक घोटून माझे दंड तयार झालेले. तिच्या हातातून पळी घेतली आणि दहा मिनिटांत तिला स्वच्छ, चकचकीत चीक करून दिला. पुढे परवानगी आली तेव्हा तिने पहिला फोन मला केला. केमिस्ट्रीच्या पदवीने जे दिलं नाही ते कुरडयांनी दिलं.

विद्यापीठाची पुस्तकं आणि कागदपत्रं हे आमचं मुख्य काम, पण महिन्यातले काही दिवस बाहेरच्या लोकांच्या वस्तूही घेत असू. त्यात आपली मंडळी बरीच. टेक्सासमधल्या अर्विंगहून एका गृहस्थांनी आजोबांची जन्मपत्रिका पाठवली, तीही प्लॅस्टिकमध्ये गरम करून कायमची बंद केलेली. वर फोन. “काकू, लॅमिनेशन काढून पुन्हा नीट लॅमिनेट करून द्याल का? तुमचं क्वालिटी वर्क असतं असं ऐकलं.” मी त्यांना जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. सनीव्हेलच्या एका मुलीने आईच्या हातची पाककृतींची वही आणली आणि तिच्यावरचे तेलाचे डाग काढून मागितले. तिला मी म्हटलं, “बाळा, या डागांवरूनच कळतंय तुझ्या आईने कोणता पदार्थ जास्त वेळा केला.” ती वही तशीच परत घेऊन गेली. मीही आठवडाभर स्वतःच्या शहाणपणावर खूश होते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे घडलं तेव्हा हे शहाणपण कुठे गेलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा मला कामावर पंधरा वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी माणूस घाबरून चुका करत नाही. चुका पंधराव्या वर्षी होतात.

फेब्रुवारीत पीटर नावाचा एक माणूस आला. पन्नाशीचा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. बुटांवरचा बर्फ दाराशी अगदी नीट झटकून आत आला, तेव्हाच मला तो आवडला. त्याने पाकिटातून एक नोट काढली. हंगेरीची, हजार पेंगोची, १९४५ सालची. त्याची आई मार्गित बुडापेस्टची. आठ दिवसांनी तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि ही नोट चौकटीत लावून तिला द्यायची होती. तिच्या आईची एवढी एकच वस्तू तिच्याजवळ उरली होती. फोटो नाही, दागिना नाही, पत्रसुद्धा नाही. मार्गित ती एका पुस्तकात ठेवत असे आणि पीटरने ती तिच्या नकळत काढून आणली होती.

पैशाची किंमत पार ढासळते तेव्हा काय होतं हे आपण ऐकून असतो, पण हंगेरीत त्या वेळी झालं तसं जगात दुसरीकडे कुठेच झालं नाही म्हणतात. सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नसे. आज छापलेली नोट थोड्याच दिवसांत निकामी, की तिच्यापुढे आणखी शून्यं लावून दुसरी. शेवटी लोक रस्त्यावर पडलेल्या नोटा खराट्याने लोटत. मला वाटलं होतं, अशा घाईत छापलेली नोट म्हणजे हँडबिलासारखी असेल. भिंगाखाली धरली आणि मी पाचेक मिनिटं नुसती बघत राहिले. कागद हलका होता, युद्धानंतरचा, ओढूनताणून केलेला. पण त्यावरची वेलबुट्टी! केसाएवढ्या रेषा एकमेकींना छेदून जात होत्या आणि एकही रेष तुटलेली नव्हती. शहर मोडून पडलंय, आपण छापतोय ते महिनाभरही चालणार नाही हे माहीत असूनही कुणीतरी कारागीर मान मोडून हे काम नीट करत होता. मला त्या अनोळखी माणसाचा फार अभिमान वाटला.

नोटेवर एका बाजूला एक तांबूस तिकीट चिकटवलेलं होतं. तिरकं, त्या सुंदर वेलबुट्टीवरच. भोवती तपकिरी डाग.

“हे काढता येईल?” पीटरने विचारलं. मग जरा ओशाळून म्हणाला, “हे बहुतेक माझं काम आहे. लहानपणी मी तिकिटं जमवायचो आणि दिसेल तिथे चिकटवायचो. आई कधी बोलली नाही, पण मला या नोटेकडे बघवत नाही.”

मी मान डोलावली. पोरं काय काय चिकटवतात ते मी पंधरा वर्षं बघत होते. डॉना त्या आठवड्यात सुट्टीवर होती, नाहीतर तिने एक तरी प्रश्न विचारला असता. मी हात लावण्याआधीचा फोटो काढला. तिकिटाच्या कडेला आयोडीनचा अगदी सूक्ष्म थेंब लावून पाहिला, तो निळा झाला. म्हणजे पिष्ट, कणकेची खळ. अमेरिकेतल्या पोराने साठच्या दशकात तिकीट चिकटवायला कणकेची खळ कशाला केली असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता. मला फक्त आनंद झाला, कारण पिठाची खळ ओलाव्याने सुटते. तिकिटावर ओलसर टिपकागद ठेवला, वीस मिनिटांनी चपट्या पात्याने अलगद उचललं. अखंड निघालं. खाली राहिलेली खळ ओल्या कापसाच्या बोळ्यांनी टिपून टिपून काढली, डागही फिकट केला. नोट अशी काही दिसायला लागली की मीच तिच्या प्रेमात पडले. ‘नंतरचा’ फोटो पीटरला पाठवला. त्याचं उत्तर आलं, चाळीस वर्षांचं ओझं उतरलं म्हणून.

आमच्याकडे केलेल्या कामाचा अहवाल लिहावा लागतो. शुक्रवारी दुपारी तो लिहायला बसले. ‘एक तिकीट काढले’ एवढं लिहून थांबले, कारण तिकिटाचं वर्णन करायला हवं. पारदर्शक पाकिटात ठेवलेलं ते तिकीट पहिल्यांदाच नीट वाचलं. त्यावर हजाराचा आकडा होता. टपालाचं तिकीट हजाराचं? ग्रंथालयात काम करण्याचा फायदा असा की दोन मजले चढून गेलं की पुस्तक मिळतं. नोटांच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक उभ्याउभ्याच उघडलं आणि त्यात त्या तिकिटाचं चित्रच सापडलं.

१९४५ च्या डिसेंबरात तिथल्या सरकारने महागाई रोखायला एक युक्ती काढली होती. ठरावीक नोटांवर सरकारी तिकीट चिकटवायचं. तिकीट नसलेली नोट एकदम पाव किमतीची होणार. आणि ते तिकीट विकत घ्यायचं नोटेच्या तिप्पट किमतीला. म्हणजे एखादीजवळ हजाराच्या चार नोटा असल्या, तर तीन सरकारला द्यायच्या आणि त्या बदल्यात मिळालेलं तिकीट चौथीवर लावायचं. मी जो कचरा म्हणून उचलला होता तो मार्गितच्या आईने तीन नोटा मोजून घेतला होता.

घरी जेवताना श्रीकांतने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

“मग परत लाव ना,” तो म्हणाला. “फोटो आहे, अँगल माहीत आहे, तुझ्यासारखी खळ कुणाची नाही. हू विल नो?”

“बाबा, दॅट्स सो राँग,” ऋचा म्हणाली. ती तेव्हा अकरावीत होती. “आई, जस्ट टेल हर.”

“अगं, तिला माहीतच नाही नोट माझ्याकडे आहे ते. सरप्राइज आहे तिच्यासाठी.”

“सो? इट्स हर नोट ना?”

पोरीचं बरोबर होतं. पण खरं सांगते, परत लावून टाकायचा मोह मला झाला होता. मी ते असं लावलं असतं की देवालाही कळलं नसतं. मला त्याचीच भीती वाटत होती.

सोमवारी पीटरला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “परत लावा. प्लीज. ती पंचाहत्तर वर्षांची आहे. तिला कशाला सांगायचं?”

“लावता येईल,” मी म्हटलं, “पण मी लावलेलं तिकीट मग माझं होईल. तुमची आई रोज ते बघून तिच्या आईची आठवण काढेल, आणि ते काम माझं असेल. असं मला नाही करता येणार.”

तो चिडला. चूक त्याची नव्हती का? होती. पण त्याने अंदाज केला होता आणि ज्ञान माझ्याकडे असायला हवं होतं. सुट्टीवरून परतलेली डॉना समोरच बसली होती. तिने माझ्यासाठी चहा करून आणला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी पीटर आईला घेऊन आला. छोटीशी बाई, जाड कोट, हातात काठी. बर्फातून चालून आल्यामुळे गाल लाल झालेले. मी त्यांना खुर्ची देऊन आधी कॉफी वगैरे विचारलं नाही, कारण कॉफी आली असती तर माझा धीर सुटला असता. उभ्यानेच सगळं सांगितलं. तुमची नोट माझ्याकडे आहे. तिच्यावरचं तिकीट मी काढलं. ते काय आहे हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घेणं हेच माझं काम होतं.

मार्गितबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलाकडे पाहिलं. “ते तू चिकटवलंस असं तुला वाटत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“सहा-सात वर्षांचा होतो तेव्हापासून.”

“अरे वेड्या,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्या गालावर हात ठेवून हसल्या. तो पन्नाशीचा माणूस माझ्यासमोर लहान पोरासारखा लाल झाला.

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि सांगू लागल्या. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. वडील लढाईवरून परतले नव्हते. आई शिवणकाम करायची आणि तिच्याजवळ हजाराच्या चार नोटा होत्या. तीन देऊन तिने तिकीट आणलं, पण त्याच्या मागचा गोंद नावालाच होता. घरी येईपर्यंत ते सुटायला लागलं. तिकीट पडलं तर तीन नोटा गेल्या आणि चौथीही पाव झाली. घरात चिकटवायला काही नव्हतं. होती ती पिठाची रिकामी पिशवी. आईने ती उलटी केली, शिवणीत अडकलेलं पीठ सुईने उकरून काढलं, चमच्यात पाण्यात कालवून चुलीवर धरलं. त्या दिवसांत त्या घरात पिठाला काय मोल होतं हे मला समजायला त्यांना काही वेगळं सांगावं लागलं नाही.

“आठवडाभरात त्या नोटेचं काहीच येईना,” त्या म्हणाल्या. “शेजारणी हसल्या. पण आईने नोट फेकली नाही. म्हणायची, इतकं नीट काम केलंय, टाकायचं कशाला.” मग त्यांनी मला विचारलं, “ते पीठ कुठे आहे?”

मला वाटलं होतं त्या तिकिटाबद्दल विचारतील. तिकीट माझ्याकडे सुरक्षित होतं. पीठ मी कापसाच्या बोळ्यांनी पुसलं होतं, बोळे कचऱ्यात टाकले होते आणि कचरा शुक्रवारी गेला होता. हे मी त्यांना सांगितलं. सांगताना मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कुरडयांचा चीक घोटून नोकरीला लागलेली बाई मी. कणभर पिठाची किंमत मला कळायला हवी होती.

तेवढ्यात डॉना हळूच म्हणाली, “वसुधा, तिकिटाची मागची बाजू?”

नोट साफ करण्याच्या नादात तिकिटाच्या मागे मी हात लावलाच नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली ते उलटं ठेवलं. वाळलेल्या खळीचा पातळ थर तसाच होता, आणि त्यात कोंड्याचे बारीक तांबूस कण. भरडं, काळपट पीठ. मी बाजूला झाले आणि मार्गितबाईंना बसवलं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळा लावला. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मध्येच त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. पीटरने त्याचा अर्थ आम्हाला सांगितला नाही आणि आम्ही विचारला नाही.

तेव्हा मी माझा विचार सांगितला. जुनी खळ किंचित ओलावा मिळाला तर पुन्हा धरते, निदान धरू शकते. माझी खळ लावायची नाही. पाण्याचा थेंब न गळता नुसता दमटपणा जाईल अशा कापडावर तिकीट उपडं ठेवायचं आणि मागचं पीठ मऊ झालं की जागेवर टेकवायचं. नोटेवर ती जागा फिकट चौकोन म्हणून दिसतच होती, तिरकी. धरलं तर त्यांच्या आईचंच पीठ धरेल. नाही धरलं तर दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवू. एवढंच माझ्या हातात होतं.

“दाबायचं कुणी?” त्यांनी विचारलं. “तेव्हा मी दाबलं होतं. आई लाकडं आणायला गेली होती आणि येईपर्यंत अंगठा काढायचा नाही असं सांगून गेली होती.”

मी तिकीट ठेवलं, वर टिपकागद ठेवला, आणि त्यांनी अंगठा दाबला. मी म्हटलं, पाच मिनिटं पुरेत. त्यांनी वीस मिनिटं काढला नाही. हात अवघडला तेव्हा पीटरने कोपराला आधार दिला. डॉना टेबलापाशी उभी होती, मीही उभी होते.

टिपकागद उचलला. तिकीट बसलं होतं. तेवीस वर्षांत मी नकाशे जोडले, पोथ्या जोडल्या, पुरात भिजलेली अख्खी कपाटं वाळवली, पण इतकं सुरेख काम माझ्या टेबलावर दुसरं झालं नाही, आणि हे मी केलेलं नव्हतं. चमच्यात खळ करणाऱ्या एका बाईने केलेलं ते काम इतक्या वर्षांनी पुन्हा उभं राहिलं होतं.

फक्त उजवा खालचा कोपरा उचलत होता. निरखून पाहिलं तर त्याच्या मागे पीठ मुळी नव्हतंच. आधी काढलेला फोटो पाहिला, तर त्यातही तो कोपरा उचललेलाच होता आणि मी ते पाहिलं नव्हतं. माझ्या चिकाची वाटी शेजारीच होती. एवढ्याशा जागेला माझा एक थेंब लागला तर चालेल असं वाटून मी बारीक कुंचला उचलला.

मार्गितबाईंनी माझं मनगट धरलं.

“तिथे नको,” त्या म्हणाल्या. “आईने चारही कोपऱ्यांना खळ लावायला सांगितलं होतं. तिथली मी चाटली.”

मनगट तसंच धरून त्या पुढे सांगू लागल्या.

“ती लाकडं घेऊन आली. तिने तो कोपरा पाहिला, मग माझं तोंड पाहिलं. आणि चमच्यात जेवढी उरली होती, तो चमचा माझ्यापुढे सरकवला.”

मी कुंचला खाली ठेवला.